हर्नियाचं ऑपरेशन

उमरग्याच्या हायवेलगतच्या वस्तीत उन्हाळा लागला की शिवरंजनीच्या ओट्यावर बायांची गर्दी व्हायची. पुढच्या खोलीत तिनं एका अंगाला मिरची कांडायचं यंत्र बसवलेलं आणि दुसऱ्या अंगाला शेवयाचं मशीन. नाकाला पदर बांधून ती दिवसभर उभी असायची. मोटारीच्या आवाजात, ठसक्यात, शिंकांत बायांच्या गप्पा चालायच्या आणि घराघरातलं सगळं तिथं कळायचं. कुणाची सून बाळंत झाली, कुणाचं पोट पाडलं, कुणाचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन म्हटलं की ते बाईचंच असायचं, आमच्या मालकांनी करून घेतलं असं इतक्या वर्षांत एकीच्याही तोंडून आलं नव्हतं. शिवरंजनीला त्यात कधी काही खटकलं नव्हतं. स्वतःवर वेळ आली तेव्हा खटकलं.

तिचं माहेर नळदुर्गकडचं. लग्न होऊन उमरग्याला आली ती नंदीशच्या घरात. नंदीशचं हायवेवर ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान. माणूस वाईट नव्हता. हे ती स्वतःच आधी सांगायची आणि मग त्याच्याबद्दल जे सांगायचं ते सांगायची. दारू नाही, हात उचलणं नाही, पोरींना शाळेत सोडायला स्वतः जायचा. फक्त घरात काही ठरवायची वेळ आली की त्याची नजर आधी आईकडं जायची. आई म्हणजे नीलम्मा. घरात सगळे तिला अव्वा म्हणायचे. सासरे शिवलिंगप्पा कधी कशात पडत नसत. बोलणं वाढायला लागलं की चप्पल घालून ते चौकात निघून जायचे.

पहिली मुलगी सिझेरियननं झाली. दुसऱ्या वेळीही पोट फाडावंच लागलं. त्या दिवशीचं शिवरंजनीला सगळं आठवत होतं, कारण कमरेत इंजेक्शन दिलेलं असलं तरी ती जागी होती. मुलगी झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. मग त्यांनी नर्सला बाहेर पाठवलं, दुसरं सिझेरियन आहे, याच वेळी नळ्या बांधून टाकायच्या का, ते घरच्यांना विचारून ये म्हणून. दार उघडंच होतं. अव्वाचा आवाज तिला आत स्वच्छ ऐकू आला. दुसरीबी पोरगीच हाय, आत्ता कसलं बांधता, म्हणत होती. नंदीशचा आवाज काही आला नाही. नर्स आत येऊन म्हणाली, घरचे नको म्हणतायत.

"मला विचारा की," शिवरंजनी म्हणाली. "मला पाहिजे."

"ताई, हलू नका, टाके चाललेत," नर्स म्हणाली.

एवढ्यावर तो विषय मिटला. पोट तिचं, उघडं टेबलावर पडलेलं, ती शुद्धीवर, आणि विचारणा झाली दाराबाहेर. घरी आल्यावर तिनं नंदीशला विचारलं की तुम्ही का बोलला नाहीत. तो म्हणाला, अव्वापुढं कसं बोलायचं, आणि नंतरही करता येतंय की.

ते नंतर काही आलं नाही. तांबी बसवून घेतली तर अंगावरून इतकं जायला लागलं की ती काढावी लागली. गोळ्या घ्याव्यात तर दुसऱ्या बाळंतपणापासून बीपी मागं लागलेलं, त्यामुळं डॉक्टरांनी त्या बंद केल्या. राहिला नंदीशचा उपाय. तो त्याच्या मनावर होता आणि मन नेहमी जाग्यावर असायचं असं नाही. तिसऱ्यांदा दिवस गेले. अव्वानं लगेच अणदूरच्या खंडोबाला नवस बोलला. शिवरंजनीला मात्र तिसऱ्यांदा पोट फाडायची भीती होती. पाचव्या महिन्यात एका दुपारी ती मिरचीचा डबा उचलायला वाकली आणि पायाखालची फरशी लाल झाली. ओट्यावर शेजारची तबस्सुम शेवया वाळत घालत होती. तिनंच भाड्याची गाडी बोलावली, नंदीशला फोन केला आणि सोलापूरला पोहोचेपर्यंत शिवरंजनीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. पोर गेलं. रक्ताच्या पिशव्यांवर पिशव्या चढल्या. ती वाचली ती कशीबशी.

सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी नवरा-बायको दोघांना समोर बसवून सांगितलं. गर्भपिशवीवरचा जुना टाका विरत आलाय, आता दिवस जाणं म्हणजे जिवाशी खेळ. आणि हिचं पोट आतून चिकटलंय, ते पुन्हा उघडणंही सोपं नाही. नंदीशकडं वळून त्या म्हणाल्या, "तुम्ही नसबंदी करून घ्या. बिनटाक्याची असते. सकाळी या, दुपारी घरी जा."

नंदीशनं मान डोलावली. इतकी जोरात डोलावली की शिवरंजनीला वाटलं, झालं, सुटलो एकदाचे.

मग कारणं सुरू झाली. आधी लग्नसराई होती. मग दुकानाची दिवाळीची खरेदी. मग त्यानं कुठून तरी ऐकून आणलं की ते केल्यावर माणूस अशक्त होतो, आणि दुकानात तर दिवसभर लोखंड उचलायचं असतं. शिवरंजनी म्हणाली, मी दोन सिझेरियन होऊन मिरचीची पोती उचलते, त्याचं काय. तर म्हणाला, तुझं वेगळं. काय वेगळं, ते त्याला सांगता येईना. हाच प्रश्न ती पुढं कितीतरी दिवस फिरवून फिरवून विचारत राहिली आणि तो कितीतरी दिवस तेच दोन शब्द सांगत राहिला.

अव्वाच्या कानावर गेलं तेव्हा तर कहरच झाला. तिनं सुनेला स्वयंपाकघरात गाठलं.

"माझ्या पोराला बैलागत खच्ची करतीस व्हय?" ती म्हणाली. "बायामाणसाचं हाय ते. बायांनीच करायचं असतंय."

"बाईनं करायचं ते करून झालं, अव्वा," शिवरंजनी म्हणाली. "आता बाई मरंल, असं डॉक्टर म्हणलेत."

"डॉक्टर काय, कायबी म्हणत्यात."

शिवलिंगप्पांनी चप्पल घातली आणि ते चौकात गेले.

शिवरंजनीनं त्या दिवशी आपली गादी उचलली आणि पोरींच्या खोलीत नेऊन टाकली. नंदीशला तिनं सरळ सांगितलं, तुमचं होत नाही तोवर मी इकडंच. तो आधी हसला. आठवडाभरानं रुसला. महिन्यानं त्यानं सासूला फोन लावला. तिची आई नळदुर्गहून पिशवी घेऊन आली आणि दोन दिवस लेकीला समजावत राहिली की नवऱ्याला असं नाही म्हणू नये, पुरुषाची जात आहे, घर फुटतं. शिवरंजनीनं विचारलं की मी मेले तर घर फुटणार नाही का. आई रडायला लागली. रडणाऱ्या आईला चहा करून देताना शिवरंजनीला इतका वीट आला की तिनं कप ओट्यावर आपटला आणि त्याचा कान तुटला. मरणातून वाचली होती ती, आणि समजूत काढायची पाळीही तिच्यावरच होती.

तबस्सुम एकटी अशी होती की जिच्यापुढं नीट मांडणी करावी लागत नसे. तिचा नवरा मुजीब हैदराबाद लाईनला ट्रक चालवायचा. ती म्हणायची, "तू अडून बस. तू सोडलंस तर आमी कुणीच धरणार न्हाय."

शेवटी एकदा नंदीश तयार झाला. दवाखान्यात नसबंदीचं शिबिर होतं. शिवरंजनी त्याच्यासोबत गेली. बाकड्यावर दोघं बसले तर समोरून त्याचं एक जुनं गिऱ्हाईक आलं. काय शेठ, इकडं कुठं, असं त्यानं विचारल्यावर नंदीश उठून उभाच राहिला. बीपी तपासायला आलतो म्हणाला, आणि खरंच बीपी तपासून घेऊन बायकोला गाडीवर बसवून घरी आला. बीपी नॉर्मल आहे, हेही त्यानं वाटेत सांगितलं. गाडी चालू होती आणि आपण तोंड उघडलं तर दोघं रस्त्यावर पडू, असं शिवरंजनीला वाटलं.

त्यानंतर कितीतरी महिने गेले. पोरींच्या खोलीतली गादी तिथंच राहिली. आणि एके दिवशी नंदीश माल आणायला म्हणून सोलापूरला गेला तो मालाशिवाय परत आला, पाय फाकवून, हळूहळू चालत. घरात सगळ्यांना त्यानं सांगितलं की पोटात दुखायला लागलं, डॉक्टरांनी हर्निया सांगितला, लगेच ऑपरेशन करून टाकलं. अव्वानं कपाळाला हात लावला. शिवरंजनी पाण्याचा तांब्या घेऊन आत गेली तेव्हा तो खालच्या आवाजात म्हणाला, "झालं तुझ्या मनासारखं. पण कुणाला सांगायचं न्हाई."

तिला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं आणि त्याच वेळी त्याच्या डोक्यावर तो तांब्या ओतावासाही वाटला. तिनं दोन्ही केलं नाही. नाही सांगत, म्हणाली. तेवढ्यानं काम होत असेल तर होऊ दे.

आणि मग तिनं ते कौतुक पाहिलं. डॉक्टरांनी दोन दिवस आराम सांगितला होता, तर नंदीश आठ दिवस पलंगावर राहिला. अव्वानं डिंकाचे लाडू वळले. गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर केली, वर तूप ओतलं. नातेवाईक नारळ घेऊन बघायला आले. शिवरंजनी सोलापूरहून रक्त चढवून घरी आली होती तेव्हा चौथ्या दिवशी मशीनपुढं उभी होती, कारण उन्हाळा होता आणि बाया डबे घेऊन दारात होत्या. लाडवाचा डबा नंदीशच्या उशाशी ठेवताना हे सगळं तिच्या डोक्यातून गेलं. माणसाला दुखतंय खरं, हेही तिला दिसत होतं.

पुढं तीन महिन्यांनी तपासणी करायची होती. ऑपरेशननंतर लगेच भरवसा नसतो, नमुना द्यायचा, तो तपासून डॉक्टर सांगतात तेव्हा खरं. नंदीशला वाटलं होतं की आता आपलं कर्तव्य संपलं. नमुना म्हटल्यावर तो लालबुंद झाला. मी तिथं जाऊन डबी मागू का, म्हणाला. शिवरंजनी म्हणाली, तीन वेळा माझ्या मांडीशी सगळा दवाखाना उभा होता, एका डबीनं तुमचं काही जात नाही. या एका डबीवर आणखी दोन महिने गेले. शेवटी तोही दिवस आला, तपासणी झाली आणि डॉक्टरीणबाईंनी आता निर्धास्त राहा म्हणून सांगितलं.

निर्धास्त काही राहता आलं नाही. हर्निया बरा झाल्यावर अव्वाला नातवाची आठवण झाली. मागचं पोर गेलं ते दृष्ट लागून, असं तिचं ठाम मत होतं. सोलापूरच्या डॉक्टरांनी काय सांगितलं आणि सुनेची गादी अजून पोरींच्या खोलीत आहे, हे तिला माहीत होतं, पण ते तिच्या हिशेबात नव्हतं. सुनेची पाळी चुकते का, यावर तिचं लक्ष असायचं. बसवकल्याणकडच्या कुठल्या तरी वैद्याची पुडी आणली आणि ती दुधातून रोज समोर उभं राहून प्यायला लावली. कडू जहर. शिवरंजनी एक दिवस प्यायली, दोन दिवस प्यायली, मग मोरीत ओतायला लागली. नंदीशला म्हणाली, सांगा आता. तो म्हणाला, बघू. तिनं विचारलं, काय बघायचं राहिलंय. तो म्हणाला, अव्वाचं वय झालंय, धक्का बसंल.

दिवस जायचे थांबले म्हणजे बिघाड सुनेत, हे नात्यात पसरायला वेळ लागला नाही. मशीनवर येणाऱ्या बायाही हळू आवाजात उपाय सुचवायला लागल्या. कुणी म्हणाली, पिशवी उलटी झाली असंल. कुणी लातूरच्या दवाखान्याचा पत्ता दिला. एवढं सगळं तिनं ऐकून घेतलं, नवऱ्याला शब्द दिला होता म्हणून.

नंदीशच्या चुलतभावाच्या मुलाचं बारसं होतं. मंगल कार्यालयात सगळं गणगोत जमलेलं. पाळण्याभोवती बाया उभ्या होत्या आणि बाळाला वरून खाली, खालून वर देणं चाललं होतं. शिवरंजनीनं हात पुढं केले तर चुलतसासू सहज म्हणाली, तू राहू दे, आणि बाळ दुसरीकडं गेलं. शिवरंजनी हात तसेच घेऊन मागं झाली. जेवायच्या वेळी अव्वा आपल्या भावाशेजारी बसली होती. हे गौरीशंकरमामा आळंदचे, नात्यात त्यांच्या शब्दाला मान. वाढायला आलेल्या शिवरंजनीच्या देखत अव्वा त्यांना म्हणाली की पोराचं अजून वय आहे, हिच्याच्यानं आता काही होत नाही, दुसरं काही बघता येतंय का.

पंगतीत नंदीशही होता. त्यानं ऐकलं. तो पत्रावळीतल्या भाताकडं बघत राहिला.

शिवरंजनीनं हातातलं भांडं खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. तिला नंतर आश्चर्य वाटलं ते याचंच.

"मामा," ती म्हणाली, "माझ्यात काय बी बिघडलेलं न्हाई. यांनी नसबंदी करून घेतलीय. हर्निया झालाच नव्हता."

आजूबाजूच्या चार पत्रावळ्यांवरचे हात थांबले. अव्वा म्हणाली, खोटं बोलतीय. मामांनी नंदीशकडं पाहिलं आणि विचारलं, "व्हय रे?"

नंदीशनं हातातला घास पत्रावळीत सोडला. शिवरंजनीला वाटलं, आता हा म्हणणार की हर्नियाच होता. म्हणाला तर काय करायचं, हेही तिनं तेवढ्यात ठरवलं. पोरींना घेऊन तिथूनच नळदुर्गची एसटी धरायची, मशीन मागून नेता येईल.

"व्हय मामा," नंदीश म्हणाला. "केलीय. ती मेली असती."

एवढं बोलून तो हात न धुताच उठला आणि बाहेर गाडीत जाऊन बसला. मामांनी पाण्याचा घोट घेतला. मग बहिणीला म्हणाले, पोरगं शहाणं निघालं तुझं, आणि पुढं जेवायला लागले. अव्वा काही जेवली नाही.

घरात पुढचे कितीतरी दिवस ती सुनेच्या हातचं जेवली नाही. वेगळी भाकरी थापायची, शेंगाचटणीशी खायची. नंदीश बायकोशी बोलत नव्हता, कारण तिनं चारचौघांत शब्द मोडला होता. शिवरंजनीनं कुणाचीच मनधरणी केली नाही. तिच्यात ती ताकदच उरली नव्हती.

पावसाळा सरत आला तेव्हा एका दुपारी मशीन बंद होतं. अव्वा ओट्यावर येऊन बसली, मिरच्यांची देठं खुडायला लागली आणि थोड्या वेळानं आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, "मला आठ पोरं झाली. तीन जगली. कुणी इचारलं न्हाई मला पायजे का नको. म्हणून म्याबी कुणाला इचारलं न्हाई."

शिवरंजनीला वाईट वाटलं. पण वाईट वाटण्यापेक्षा रागच जास्त आला.

"मग तुम्हाला तर कळायला पाहिजे होतं, अव्वा," ती म्हणाली.

अव्वा देठं खुडत राहिली. संध्याकाळी मात्र सुनेनं वाढलेलं ताट तिनं ओढून घेतलं.

हायवेवर बातमी पोहोचलीच होती. दुकानात नंदीशची थोडे दिवस टिंगल झाली. नावंही ठेवली लोकांनी. मग एक दिवस मुजीब दुकानात आला, बेअरिंग घ्यायच्या निमित्तानं, आणि इकडंतिकडं बघून त्यानं विचारलं की दुखतं का. तबस्सुमनं त्याला पाठवला होता. नंदीशनं त्याला सगळं सांगितलं. मुंगी चावल्यासारखं होतं, म्हणाला, दोन दिवसांत माणूस कामाला लागतो. आठ दिवस पलंगावर पडून लाडू खाल्लेला माणूस. मुजीबनं पुढच्या फेरीत करून घेतलं. मग आणखी एकजण विचारायला आला, मग कुठलासा ड्रायव्हर त्याच्या भावाला घेऊन आला. नंदीश आता गल्ल्यावर बसून सांगायला लागला की बायकांनी किती सोसायचं, पुरुषांनी पुढं यायला पाहिजे. शिवरंजनी डबा द्यायला गेली तेव्हा तिनं स्वतःच्या कानांनी हे ऐकलं. डबा टेबलावर ठेवून ती निघून आली.

मशीनवरच्या बायांचा सूरही फिरला. ज्या बाया लातूरच्या दवाखान्याचा पत्ता देत होत्या, त्याच आता म्हणायला लागल्या की असा नवरा मिळायला नशीब लागतं. एकीनं तर सांगितलं की देवाला नारळ फोड. शिवरंजनी बरेच दिवस हं हं करत राहिली. एकदा तिनं मध्येच मोटार बंद केली.

"माझं पोट दोनदा फाडलं," ती म्हणाली. "तिसऱ्या वेळेला मरता मरता राहिले. तेव्हा यांना कुणी म्हणलं न्हाई की अशी बायको मिळायला नशीब लागतंय."

बाया हसल्या. तबस्सुम हसली नाही. जिनं नारळ सांगितला होता ती म्हणाली, बाई, तुला समाधानच न्हाई, आणि आपला मिरचीचा डबा पुढं सरकवला. शिवरंजनीनं नाकाला पदर बांधला आणि तिची मिरची कांडायला घेतली. काम तर करायचंच होतं.

पोरींच्या खोलीतली गादी तिनं परत आपल्या खोलीत आणली ती दिवाळीनंतर. कुणी सांगितलं म्हणून नाही, तपासणी झाली म्हणूनही नाही. ती होऊन तर वर्ष होत आलं होतं. तिच्या मनात आलं तेव्हा आणली. नंदीशला वाटलं की आपण एवढं केलं त्याचं बायकोला अखेर मोल कळलं. त्यानं तसं बोलूनही दाखवलं. शिवरंजनीनं त्याच्याकडं पाहिलं. त्याला सगळं पहिल्यापासून समजावून सांगायचं म्हणजे पुन्हा वर्षभर जाणार होतं. तिनं चादर झटकली, अंथरली, आणि त्याला पलीकडं सरकायला सांगितलं.